कसा वाटला?

चित्रगृहांतून बाहेर पडणाऱ्या माणसास पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि त्यास मिळणारें उत्तर बहुधा दोनचार शब्दांपलीकडे जात नाहीं. 'बरा आहे', 'पैसे वसूल', 'एकदां पाहायला हरकत नाहीं.' छत्तीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविल्यामुळें असलीं उत्तरें कानीं पडलीं कीं माझा हात अद्यापि तांबड्या शाईच्या लेखणीकडे जातो. 'कारणें द्या' असें समासांत लिहावेंसें वाटतें. परंतु या तुटपुंज्या उत्तरांविषयींचें माझें मत गेल्या कांहीं वर्षांत बरेंच पालटलें आहे. तें कसें, तें सांगावें म्हणून हा लेख.

आमच्या जुन्या वाड्याच्या जागीं आतां चार मजल्यांची इमारत उभी आहे, आणि तिच्या गच्चीवर रविवारीं सायंकाळीं आम्ही सातआठ मंडळी जमतों. यांत रेल्वेंतून निवृत्त झालेले एक गार्ड आहेत, दिवाणी न्यायालयांत सारा जन्म घालविलेले एक कारकून आहेत, बँकेंतले एक गृहस्थ आहेत, आणि गुडघ्यांच्या तक्रारी विसरून जिने चढून येणाऱ्या दोनतीन भगिनी आहेत. राजकारण काढावयाचें नाहीं, असा आमचा अलिखित नियम असल्यामुळें चित्रपट हा विषय आपोआपच पुढें येतो. कोणी मल्टिप्लेक्समध्यें जाऊन आलेला असतो, कोणीं घरींच दूरचित्रवाणीवर पाहिलेला असतो, आणि बँकेंतले गृहस्थ कित्येकदां न पाहतांच मत देतात. त्यांचें मत सर्वांत ठाम असतें.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायांत प्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे. प्रयोग साधला कीं नाहीं, हें कशावरून ओळखावें? तर प्रेक्षकांवरून. सिद्धि दोन प्रकारची, मानुषी आणि दैवी. प्रेक्षक स्मित करतात, मोठ्यानें हंसतात, 'साधु' म्हणतात, करुण प्रसंगीं हळहळतात, त्यांच्या अंगावर रोमांच उठतात, ते आसन सोडून उभे राहतात, अंगावरचीं वस्त्रें आणि बोटांतल्या अंगठ्या नटांकडे फेंकतात. ही सारी मानुषी सिद्धि. आणि जेथें प्रेक्षागृह भरलेलें असूनही शब्द नाहीं, क्षोभ नाहीं, उत्पात नाहीं, ती दैवी. सर्वांस सर्व कांहीं रुचावें अशी अपेक्षाही मुनि धरीत नाहींत. तरुणांस शृंगार आवडतो, शूरांस युद्ध, वृद्धांस पुराणकथा, हें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें आहे. वाद पडलाच तर प्राश्निक बोलवावेत, असें ते सांगतात. हे प्राश्निक दहा: याज्ञिक, नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गवई आणि राजसेवक. ज्यानें त्यानें आपापल्या विषयापुरतें बोलावयाचें. बाण सोडण्याचा पवित्रा बरोबर होता कीं नाहीं, हें धनुर्धरानें सांगावें. व्याकरणकारानें त्यांत पडूं नये. केवळ समीक्षा हाच ज्याचा धंदा, अशा माणसाचें नांव या दहांत नाहीं, याची मला नेहमीं मौज वाटते.

आमच्या गच्चीवर हा प्राश्निकांचा प्रकार प्रत्यक्ष पाहावयास मिळाला, तो चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाच्या वेळीं. हा २०१५ सालीं चित्रगृहांत आला. त्यापूर्वींच त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता. एका गटाराची सफाई करणाऱ्या कामगाराचा मृत्यु होतो, आणि तुमच्या गाण्यामुळें त्यानें आत्महत्या केली असा आरोप एका वृद्ध लोकशाहिरावर येतो, एवढें त्याचें कथानक. आमच्या बहुतेक मंडळींस तो फार संथ वाटला. कॅमेरा एका जागीं खिळे ठोकून बसविल्यासारखा आहे, असें एका बाईंनीं म्हटलें, आणि तें अगदींच खोटें नाहीं. बँकेंतले गृहस्थ मध्यंतरापूर्वींच झोंपले होते.

परंतु न्यायालयांतले आमचे कारकून हंसत होते. एक बाई बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून न्यायाधीश तिचें प्रकरण त्या दिवशीं घेत नाहींत, असा एक प्रसंग त्यांत आहे. त्या प्रसंगास ते इतके हंसले कीं पुढच्या रांगेंतल्या मुलांनीं मागें वळून पाहिलें. पुढें रविवारीं त्यांस विचारलें, तेव्हां म्हणाले, "आमच्याकडे अगदीं असंच चालायचं. फक्त आमचा पंखा याहून जास्त वाजायचा." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "तीस वर्षं मी 'पुढील तारीख' एवढंच लिहीत आलों. तारीख घेऊन जाणाऱ्या माणसाचं तोंड कसं दिसतं, तें मीं परवा त्या पडद्यावर पाहिलं." त्यानंतर कोणीं संथपणाची तक्रार केली नाहीं.

'श्वास' या चित्रपटावर आमच्या गार्डसाहेबांनीं दिलेलें मत तर शब्दांत नव्हतेंच. हा २००४ सालचा चित्रपट. 'श्यामची आई' नंतर तब्बल पन्नास वर्षांनीं राष्ट्रपतींचें सुवर्णकमळ मराठीकडे आणणारा. कर्करोगामुळें नातवाचे डोळे काढावे लागणार, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीं आजोबा त्यास रुग्णालयांतून बाहेर नेतात आणि जग दाखवितात. गार्डसाहेबांनीं तो बऱ्याच वर्षांनीं घरीं बसून पाहिला. कसा वाटला, असें विचारल्यावर म्हणाले, "काल नातवाला घेऊन स्टेशनवर गेलों होतों. चार गाड्या दाखवल्या." माझी तांबडी शाई येथें निरुपयोगी ठरली, हें कबूल केलें पाहिजे.

आतां जुन्या काळाकडे वळतों. 'प्रभात'चा 'कुंकू' १९३७ सालीं आला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं तो केला. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे वृद्ध वकील काकासाहेब. फसवून लावून दिलेलें लग्न नीरा मनापासून नाकारते, आणि अखेर तो म्हातारा स्वतःस नाहींसें करून तिची वाट मोकळी करतो. त्यांत पार्श्वसंगीत योजलेलें नाहीं. घरांतले नुसते आवाज तेवढे ऐकूं येतात. त्या काळीं या चित्रपटानें माजघरांत आणि ओसरीवर केवढा वाद माजविला असेल, याची कल्पना आजही करतां येते.

माझी थोरली आत्या तेव्हां सोळा वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वीं तिला पंचेचाळिशीच्या एका बिजवरास दिलेली होती. जावेबरोबर ती हा चित्रपट पाहून आली. पुढें सहा वर्षांनीं ती विधवा झाली आणि माहेरीं परतली. तिच्या हातचा दहीभात खाऊन आम्ही भावंडें वाढलों. लहानपणीं तिला आम्ही विचारीत असूं, "आत्या, कुंकू कसा होता ग?" तिचें उत्तर ठरलेलें असे: "घड्याळ फार छान होतं रे. केवढा आवाज!" आम्ही हंसत असूं. एवढा गाजलेला बोलपट, आणि आत्येला त्यांतलें घड्याळ आठवावें! विद्यार्थ्यानें असें उत्तर लिहिलें असतें तर मीं त्यास शून्य दिलें असतें. मोठेपणीं मीं तो चित्रपट स्वतः पाहिला. काकासाहेबांच्या भिंतीवरचें तें घड्याळ, आणि रात्रीं त्या घरांत चाललेली त्याची टिकटिक ऐकल्यावर मला कळलें कीं आत्येनें प्रश्नाचें उत्तर अगदीं बरोबर दिलें होतें. आमच्या ओटीवरच्या घड्याळास ती कधींही किल्ली देत नसे. तें काम वडिलांकडे होतें. याचा अर्थ विचारण्यास तेव्हां ती हयात नव्हती.

हें सर्व ठाऊक असूनही मला खरा धडा मिळाला तो २०१६ सालीं. त्या वर्षीं २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्ही घरचीं पांच माणसें तो पाहण्यास गेलों: मी, आमची सौभाग्यवती, धाकटे बंधु, भावजय आणि पुतणी. 'झिंगाट' हें गाणें सुरू होतांच पोरें खुर्च्या सोडून पडद्यापुढें नाचूं लागलीं. अंगठ्या कोणीं फेंकल्या नाहींत, एवढेंच. बाकी मानुषी सिद्धि मीं याचि डोळां पाहिली. आणि शेवटीं जेव्हां पडद्यावरचा सर्व आवाज बंद होतो, आणि तें अजाण लेंकरूं रक्ताचीं पावलें उमटवीत बाहेर चालत जातें, तेव्हां तींच पोरें इतकीं स्तब्ध झालीं कीं दिवे लागल्यावरही कोणी उठेना. दैवी सिद्धि म्हणजे काय, हें मला त्या दिवशीं समजलें.

घरीं येऊन खिचडीवर बसलों आणि मतें सुरू झालीं. बंधु म्हणाले, "शेवट बदलायला हवा होता. लोक करमणुकीसाठीं जातात." भावजयीला ती मुलगी बुलेट चालविते, हें कांहीं केल्या पटेना. आमची सौ. म्हणाली, "मला ती हैदराबादची डोसेवाली बाई आवडली. घरच्यांनीं केलं नाहीं तें परकीनं केलं." हें मत खरोखर चांगलें होतें, पण मी त्याकडे लक्ष कशास देतों? मीं आपलें शास्त्र काढलें. नायकाचा वध अंकांत दाखवूं नये, असा संस्कृत नाटकाचा संकेत. भासानें 'ऊरुभंगां'त दुर्योधनास रंगभूमीवरच मरूं दिलें, हा अपवाद. येथेंही प्रत्यक्ष वध दाखविलेला नाहीं, म्हणजे दिग्दर्शकानें नकळत भरताचाच मार्ग धरला, इत्यादि. पंधरा मिनिटें तरी मी बोलत असेन. ताटांतली खिचडी निवाली.

पुतणी इतका वेळ गप्प होती. मीं तिला विचारलें, "काय ग, तुला कसा वाटला?"

ती म्हणाली, "अण्णाकाका, आपल्याकडे कोयता नसतो. आपण फक्त बोलणं बंद करतों."

कोणीं कांहीं बोललें नाहीं. भावजयीनें उगीचच तूप वाढलें. पुतणीचें लग्न पुढच्या वर्षीं झालें. तें कोणाशीं झालें, हें येथें सांगण्याचें कारण नाहीं. सर्व माणसें हजर होतीं आणि सर्व बोलत होतीं, एवढें पुरे. परंतु त्या रात्रीं तिच्या मनांत तिचें स्वतःचें कांहीं असेल, हें आमच्यापैकीं कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. मला तर वाटलें कीं ती माझ्याविषयींच बोलली.

माझ्या धाकट्या बहिणीनें १९८७ सालीं परजातीय मुलाशीं लग्न केलें. वडिलांनीं तिचें नांव घरांत काढूं नये असें सांगितलें, आणि तें आम्हीं पाळलें. कोणीं ओरडलें नाहीं, कोणीं हात उगारला नाहीं. १९९१ सालीं आमच्या घरीं दूरध्वनि आला. तिला तो क्रमांक कोणीं दिला, तें ठाऊक नाहीं. एका दुपारीं घंटी वाजली, मीं उचलला. पलीकडे ती होती. "दादा, आई आहे का?" आई स्वयंपाकघरांत तांदूळ निवडीत होती, तिच्या हातांतल्या बांगड्यांचा आवाज मला तेथें ऐकूं येत होता. मीं म्हटलें, "आई देवळांत गेली आहे." ती 'बरं' म्हणाली. पुन्हां तिनें दूरध्वनि केला नाहीं. आई १९९४ सालीं गेली. दिवसांना ती आली होती; अंगणांत उभी राहिली आणि परत गेली. वडील गेल्यावर आमचें येणेंजाणें सुरू झालें खरें, पण तें लग्नमुंजीपुरतें. त्या दुपारचा विषय तिनेंही काढला नाहीं आणि मींही काढला नाहीं.

'सैराट'मध्यें ती मुलगी हैदराबादेहून आईला फोन करते, असा एक प्रसंग आहे. मीं तो पाहिला होता आणि तरीही माझ्या ध्यानांत भास राहिला होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं बहिणीस दूरध्वनि केला. काय बोलावें तें सुचेना, म्हणून विचारलें, "'सैराट' पाहिलास का?"

"पाहिला. दोनदां."

"कसा वाटला?"

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "ती फोन करते ना दादा, आणि आई बोलते तिच्याशीं. तेवढा भाग चांगला आहे."

मीं म्हटलें, "हो." आणि नंतर म्हटलें, "त्या दिवशीं आई घरीं होती."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "बांगड्या वाजत होत्या."

त्यावर आम्ही दोघेंही बराच वेळ नुसतींच कानाला लावून बसलों. मग तिनें विचारलें, तिकडे वळवाचा पाऊस झाला का. मीं म्हटलें, अजून नाहीं. आभाळ मात्र रोज भरून येतें.