उधारीचे तास

परवा भाची आली ती चार पानी अर्ज हातात घेऊनच. "मामा, तू आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचलेस. हाही वाच." ती प्रथिनांच्या हालचालींवर पीएच. डी. करते. त्या हालचाली संगणकावर घडवून पाहायच्या, तर महासंगणकाचे तास मागावे लागतात.

हा हिशेब कोअर-तासांचा. ४० कोअर २५ तास चालले की १,००० कोअर-तास. तिचे प्रयोग ६०, म्हणजे ६०,०००. अर्जात मात्र एक लाख! "कापतात ना रे, म्हणून वाढवून मागितले." मला हसू आले. माझ्या टेबलासमोर बसणारा प्रत्येक जण हेच करी. म्हटले, छोटी चाचणी घे आणि तिचे आकडे जोड. चाचणीत दिसले की कोअर ४० चे ८० केले, तरी वेळ निम्मा होत नाही. आपापसांतल्या निरोपानिरोपीतच पुष्कळ वेळ जातो.

साठवणुकीच्या रकान्यात तिने नुसते 'पुरेशी जागा' लिहिले होते. एका प्रयोगाची माहिती ५० गिगाबाइट, म्हणजे ६० प्रयोगांची तीन टेराबाइट. ती ठेवायची कुठे? काम चालू असताना मिळणारी 'स्क्रॅच' जागा तात्पुरती असते. ठरावीक दिवसांनी तिथल्या फायली पुसतात आणि त्यांची दुसरी प्रत नसते. तिच्या एका वरिष्ठ सहाध्यायाची चार महिन्यांची मेहनत अशीच गेली. नियम लिहिलेला होता; वाचला कोणीच नव्हता. प्रबंध वर्षभर लांबला.

१९८० च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवामानासाठी क्रे यंत्र दिले, पण अधिक ताकदीचे नाकारले. त्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभे राहिले आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' तयार झाला. २०१५ साली ४,५०० कोटींचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले. त्यातूनच २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आला. यंत्रे आली. पण त्यांच्या दाराशी जाऊन मागायचे कसे, हे लहान विद्यापीठातल्या मुलांना कोण शिकवणार?

हे विचारताना मला एक जुना शेतकरी आठवतो. विहिरीच्या कर्जाचा त्याचा अर्ज मी 'अपूर्ण' असा शेरा मारून परत केला होता. नियमाने माझे चुकले नव्हते. पण त्याच्या रानात पाणी लागेल की नाही, हे मी पाहिलेच नाही. पाहिला तो कागद. पुढे तो पुन्हा आला नाही.

सरकारी पैशाने चालणाऱ्या यंत्राचा तास ही लोकांची ठेव आहे. ती तपासूनच द्यावी. पण प्रत्येक विद्यापीठात अर्ज लिहिताना शेजारी बसणारा एक माणूसही हवा. नाहीतर तास मिळतील ते चांगले लिहिणाऱ्याला, चांगला प्रश्न असणाऱ्याला नव्हे.

भाचीने अर्ज पुन्हा लिहिला: ६०,००० तास, तीन टेराबाइट आणि दर आठवड्याला प्रत काढण्याची तजवीज. उत्तर अजून यायचे आहे.