उसण म्हणून अंगावर काढू नका
श्वास घेताना छातीत का दुखते?

महिला मंडळाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की कोणीतरी बरगडीवर हात ठेवून हमखास सांगते, "ताई, इथं उसण भरलीय. श्वास घेतला की चमक मारते." शेजारची म्हणते, गरम शेक दे. तिसरी म्हणते, गॅस असेल, ओवा खा. बऱ्याच वेळा दोन-चार दिवसांत दुखणे जातेही. पण काही वेळा ती उसण नसतेच.

आमच्या वस्तीतील एका भगिनीचे असेच झाले. तिशीची बाई, चार घरची धुणीभांडी करणारी. उजव्या कुशीत चमक मारते म्हणून आमच्याकडे आली. अंगात थोडी कणकण होती. वॉर्डात इतकी वर्षे काढलेल्या आम्हीसुद्धा "वजन उचललं असशील, शेक घे" एवढेच सांगितले. तिने मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि कामावर जात राहिली. आठ-दहा दिवसांत चमक थांबली. तिला वाटले बरे झाले, आम्हालाही तसेच वाटले. महिन्याने ती पुन्हा आली तेव्हा जिना चढताना मध्येच बसत होती आणि कपडे अंगावर सैल झाले होते. एक्स-रे काढला तर छातीत पाणी भरलेले. तपासणीत टीबी निघाला.

मग मधल्या काळात दुखणे थांबले कसे?

दुखते नेमके कोठे?

फुफ्फुसाला स्वतःला दुखण्याची जाणीव नसते. त्याच्याभोवती दोन पातळ पदर असतात. एक फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून चिकटलेला. मध्ये थोडासा ओलावा असतो, म्हणून श्वास घेताना ते एकमेकांवरून अलगद सरकतात. या पदरांना सूज आली की ते घासू लागतात आणि बाहेरच्या पदराला ते जाणवते. म्हणून खोल श्वास, खोकला, शिंक यांबरोबर सुरी खुपसल्यासारखे दुखते. कधी कधी हे दुखणे खांद्यातही जाणवते.

पुढे पदरांच्या मध्ये पाणी साचू लागले की दोन्ही पदर एकमेकांपासून दूर होतात. घासणे थांबते, म्हणून चमकही थांबते. पण पाण्याच्या दाबाने फुफ्फुसाला फुगायला जागा उरत नाही आणि दम लागू लागतो. दुखणे कमी होते आणि आजार वाढत राहतो. त्या भगिनीच्या बाबतीत हेच झाले. चमक थांबली पण दम लागतो, ताप येतो, वजन घटते, तर ते बरे होणे नव्हे.

कारणे कोणकोणती?

स्नायू आणि बरगड्या : ओझे उचलणे, पडणे किंवा खूप खोकणे यांमुळे. बोटाने दाबल्यावर नेमक्या एका जागी दुखते, हात वळवला की वाढते, ताप नसतो. विश्रांतीने बरे होते. पण दाबल्यावर दुखते म्हणजे हृदयाचे नाहीच, अशी खात्री धरू नये.

न्यूमोनिया : थंडी वाजून ताप, खोकला, पिवळा किंवा गंजासारखा बेडका आणि एका बाजूला दुखणे. म्हाताऱ्या माणसांना ताप कमी असू शकतो, ती नुसती गळून जातात किंवा असंबद्ध बोलू लागतात.

टीबी : दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणे. मात्र छातीत पाणी होणाऱ्या टीबीत खोकला कोरडा आणि थोडाच असू शकतो. थुंकीत जंतू अनेकदा सापडतही नाहीत. म्हणून थुंकीचा रिपोर्ट चांगला आला तरी लक्षणे असतील तर एक्स-रेचा आग्रह धरावा.

सिकलसेल : विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे आणि दम असे सुरू झाले तर घरी थांबू नये, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

रक्ताची गुठळी : बाळंतपण, ऑपरेशन, पायाचे प्लास्टर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणे यानंतर पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. एकच पाय सुजतो, मग एकाएकी दम आणि छातीत दुखणे. ओल्या बाळंतिणीला असे झाले तर "वारा लागला" म्हणून बसू नका.

फुफ्फुसाभोवती हवा भरणे : बहुधा उंच, सडपातळ तरुण किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये. एका क्षणात कळ येते आणि दम लागतो.

नागीण : एका बाजूला पट्ट्यासारखी आग होते आणि दोन-तीन दिवसांनी पुरळ उठतात. लवकर औषध सुरू केले तर त्रास कमी होतो.

हृदय : हृदयाचे दुखणे बहुधा श्वासाबरोबर बदलत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, हातात किंवा जबड्यात कळ जाते, घाम फुटतो. बायकांना आणि मधुमेहींना नुसता दम, मळमळ किंवा थकवाही असू शकतो.

१०८ ला ताबडतोब फोन केव्हा?

• बसल्या जागी दम लागतो, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही.
• ओठ किंवा नखे निळसर पडली.
• मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर त्यालाही त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर लगेच.
• खोकल्यातून रक्त, चक्कर, दरदरून घाम.
• छातीवर दाब आणि हात-जबड्यात कळ.

श्वास मोजायला घड्याळ पुरते. माणूस शांत बसलेला असताना पूर्ण १ मिनिट मोजा.

यांतले काही नाही, पण ताप आहे, किंवा दुखणे दोन-तीन दिवसांत कमी होत नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा. केव्हापासून दुखते, कशाने वाढते, घरात कोणाला टीबी झाला होता का, हे सांगा. दगड फोडणे, सिमेंट, झाडलोट अशा धुळीच्या कामात असाल तर तेही सांगा. छातीला डाग देणे, बिब्बा लावणे टाळा. त्याने आतले पाणी हटत नाही, उलट कातडी भाजते. दुखण्याच्या गोळ्यांनी तापही दबतो, आणि डॉक्टरांना खरे चित्र दिसत नाही.

टीबी निघाला तर

सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साधा टीबी बहुधा ६ महिन्यांच्या नियमित औषधांनी पूर्ण बरा होतो. महिन्याभरात बरे वाटू लागते, तेव्हा गोळ्या सोडू नयेत. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या. माहितीसाठी १८०० ११ ६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

त्या भगिनीच्या छातीतले पाणी सुईने काढले, सहा महिने गोळ्या झाल्या, आता ती पुन्हा कामावर जाते. तिने आजार लपवला नाही, म्हणून तिच्या घरच्यांचीही तपासणी झाली. आता कोणी बरगडीवर हात ठेवून "उसण" म्हटले की आम्ही आधी कपाळाला हात लावून बघतो, श्वास मोजतो, आणि चमक थांबल्यावरही आठ दिवसांनी पुन्हा विचारतो, "जिना चढताना दम लागतो का गं?" हा प्रश्न तुमच्या घरातही विचारला जावा.