रोजा की दारूचा आजार?

अकरा महिने पिणारा मुलगा रमजानचा चाँद दिसताच बाटली सोडतो, तेव्हा भंडारा, पवनी, तुमसरच्या मोहल्ल्यांत अम्मी शुक्राना अदा करते. दोन दिवसांत त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. घरचे म्हणतात, रोजा लागला. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जातो. (खर्रा सोडणाऱ्याची चिडचिड वेगळी.) दम केलेले पाणी जरूर पाजा, पण त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. आजाऱ्याने रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्ये आहेच.

लपवाछपवी घरचेच जास्त करतात. उधारी फेडतात, मालकाला ‘ताप आहे’ सांगतात. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये म्हणूनच रुग्णासोबत कुटुंबाचेही समुपदेशन होते. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ मोफत आहे. तिथे फोन अम्मीनेही करावा, बायकोनेही. मुलगा राजी होईपर्यंत थांबायची गरज नाही. ‘ईदनंतर पाहू’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांत शीरखुर्म्याच्या वाट्या विसळून होण्याआधीच बाटली परत आलेली असते.