इमिग्रेशनचा साहेब नेमकं काय बघतो?

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदहून परदेशी निघालेल्या माणसाची वाट ठरलेली असते. हुमनाबाद नाहीतर बिदर गाठायचं, जहीराबादवरून हैदराबादचा रस्ता धरायचा आणि शमशाबादच्या विमानतळावर उतरायचं. विमानतळ बिदरलाही आहे, २०१९ पासून कलबुर्गीलाही आहे. पण तिथून परदेशी विमानं उडत नाहीत, म्हणून तिथे इमिग्रेशनचा काऊंटरही नाही. त्यामुळे बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत रोजंदारी करणाऱ्या पोराची सौदीला जाताना या खात्याशी पहिली गाठ पडते ती थेट शमशाबादला, बहुधा अपरात्री. हातात एजंटाने दिलेली प्लॅस्टिकची फाईल आणि मनात एकच धास्ती: ‘इमिग्रेशनला अडवलं तर?’

या धास्तीत सगळे गणवेश एकसारखे दिसायला लागतात. दारावर तिकीट आणि ओळखपत्र बघणारा जवान सीआयएसएफचा असतो. त्याचं काम विमानतळाच्या सुरक्षेचं. पुढे बॅगा घेणारी, व्हिसा उलटसुलट करून बघणारी मुलगी विमान कंपनीची नोकर असते. अनेकांना सगळ्यात खडूस तीच वाटते, आणि त्याला कारण आहे. अपुऱ्या कागदांचा प्रवासी देशात आणून सोडला तर विमान कंपनीने दंड भरायचा, अशी तरतूद जगभर आहे. भारतानेही २००० साली तसा कायदा करून एक लाख रुपयांचा दंड ठेवला होता. आता तो कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट’मध्ये विरघळला. प्रवासी दुबईहून परत पाठवला गेला तर भुर्दंड कंपनीला बसतो, म्हणून ती मुलगी चारदा विचारते. सोनं आणि सामान बघणारे कस्टमवाले वेगळे, त्यांचं मंत्रालय वेगळं.

मधल्या काचेच्या खोक्यात बसलेला, पासपोर्ट यंत्रावर ठेवून चेहऱ्याकडे बघणारा माणूस तेवढा इमिग्रेशनचा. तो ‘ब्युरो ऑफ इमिग्रेशन’चा असतो. हे खातं १९७१ मध्ये उभं राहिलं आणि केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हाताखाली चालतं. पासपोर्ट तो देत नाही. पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाचा, कर्नाटकापुरता बंगळूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाचा. घरी चौकशीला येणारा हवालदारही पासपोर्ट देत नाही, तो फक्त पत्ता आणि गुन्ह्यांची नोंद पडताळून अहवाल पाठवतो. गावात मात्र त्याच्या चहापाण्याची चर्चा पासपोर्ट अधिकाऱ्यापेक्षा जास्त असते. व्हिसा तर सर्वस्वी दुसऱ्या देशाचा. मग या काचेतल्या माणसाकडे उरतं काय? पासपोर्ट खरा आहे का, समोर उभा आहे तोच त्याचा मालक आहे का, जायच्या देशाचा व्हिसा आहे का, या नावावर कुणी हरकत नोंदवली आहे का, आणि कामाला जाणारा असेल तर त्याला लागणारी मंजुरी आहे का. एवढं तपासायला त्याच्याकडे दोन-चार मिनिटंच असतात.

मनात आलं म्हणून कुणाला थांबवायची मुभा त्याला नाही. परदेशी जाणं हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंत सिंग साहनी खटल्यात ठरवलं. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. पुढे १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने कारण न सांगता जमा करायला लावला, तेव्हा १९७८ च्या निकालात न्यायालयाने बजावलं: हक्क काढून घ्यायचा तर रीत न्याय्य हवी, बाजू मांडू द्यायला हवी.

मग ‘इमिग्रेशनने पकडलं’ अशा बातम्या येतात त्या कुठून? बहुतेक वेळा त्यामागे ‘लुकआउट सर्क्युलर’ असतं. पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय एखाद्याचं नाव कळवतं. ते यादीत चढतं आणि काऊंटरवरच्या यंत्रावर लाल खूण उमटते. अधिकारी त्या माणसाला बाजूला बसवतो आणि ज्यांनी नाव दिलं त्यांना फोन लावतो. गुन्हा खरा की खोटा, हुंड्याची तक्रार रास्त की सूडाची, हे त्याला ठाऊक नसतं आणि ठरवायचंही नसतं. कुणाला नाव कळवता येतं यावरही वाद झाले आहेत. सरकारी बँकांना कर्जबुडव्यांसाठी अशी नोटीस काढायला लावता येत होती; मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्यांचा हा अधिकार रद्द केला.

बिदर-कलबुर्गीच्या मजुराचा संबंध मात्र या भानगडीशी क्वचितच येतो. त्याची गाठ पडते ती पासपोर्टवरच्या तीन अक्षरांशी: ईसीआर. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ नव्हे, ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असं छापून येतं. ‘इ’ म्हणजे येणाऱ्यांचं, ‘ए’ म्हणजे जाणाऱ्यांचं. खातीही दोन. जाणाऱ्या कामगाराची काळजी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ने घ्यायची असते. या भागाला जवळचं कार्यालय हैदराबादचं.

हा सगळा कारभार १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यावर चालतो. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया, इराक, लिबिया असे १८ देश यादीत आहेत. ईसीआर पासपोर्टवाल्याला यांपैकी कुठेही नोकरीला जायचं तर आधी प्रोटेक्टरची मंजुरी लागते. तिथला मालक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदवलेला हवा, नोकरीचा करार तिथे दिसायला हवा आणि ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ काढलेली हवी. या विम्याचा दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. घरकामाला जाणाऱ्या ईसीआर बाईचं वय किमान ३० लागतं. दहावी पास, पन्नाशी उलटलेले आणि तीन वर्षं परदेशात काढून आलेले या तपासणीतून सुटतात.

एजंटाचे नियमही इथेच आहेत. त्याला सरकारी परवाना लागतो, बँक गॅरंटी ठेवावी लागते, आणि कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. हा आकडा भालकीच्या बसस्टँडवर कुणाला सांगितला तर तो हसेल. दीड लाख, दोन लाख देऊन गेलेले लोक त्याच्या ओळखीत असतात.

हा फरक कुठून येतो? नियमांना एक फट आहे. ईसीआर पासपोर्टवाला नोकरीला नव्हे, फिरायला चालला असेल तर परतीच्या तिकिटावर त्याला जाता येतं. प्रोटेक्टरची मंजुरी लागत नाही. पाहुण्याला भेटायला निघालेल्या म्हाताऱ्याला उगाच फेऱ्या मारायला लागू नयेत म्हणून ही सोय. एजंटाने तिचा राजमार्ग केला. ‘व्हिजिटवर जा, तिकडं कंपनी व्हिसा करून देतो’ हे वाक्य दख्खनात पाठ आहे. पोराला शिकवून ठेवलेलं असतं: साहेबाने विचारलं तर फिरायला चाललो म्हणायचं, बुर्ज खलिफा बघायला. काचेपलीकडच्या माणसाला पोराचे तळहात दिसतात, नवी कोरी पँट दिसते, हॉटेलचं बुकिंग एकाच नमुन्याचं दिसतं. तो दोन प्रश्न जास्त विचारतो, कधी ‘ऑफलोड’ करतो, म्हणजे विमानात चढू देत नाही. पोर घरी येऊन इमिग्रेशनला शिव्या घालतो. पैसे घेतलेल्या एजंटाला सहसा कुणी काही म्हणत नाही, कारण तो शेजारच्या गल्लीतला, नाहीतर मेहुण्याचा दोस्त असतो.

ऑफलोड झालेल्याची बाजूही खोटी नाही. अधिकाऱ्याने कपड्यांवरून माणूस जोखला, खरोखर बहिणीकडे निघालेल्याला परत पाठवलं, असं घडू शकतं. गरीब दिसणाऱ्याला चार प्रश्न जास्त पडतात, हे कुठल्याही रांगेत उभं राहून बघता येतं.

या व्यवस्थेची खरी मर्यादा कलबुर्गी जिल्ह्याने २०२४ मध्ये पाहिली. जिल्ह्यातले तिघे तरुण २०२३ च्या अखेरीस रशियाला गेले. काम हेल्परचं, सुरक्षारक्षकाचं, पगार चांगला, असं सांगितलेलं. तिथे त्यांच्याकडून करार सही करून घेतले गेले आणि ते पोचले युक्रेनच्या सीमेवर, हातात बंदूक घेऊन. फेब्रुवारीत त्यांचे व्हिडिओ घरच्यांपर्यंत आले. सीबीआयने ६ मार्च २०२४ ला गुन्हा नोंदवला आणि सात शहरांत १३ ठिकाणी झडत्या घेतल्या. यूट्यूबवरच्या जाहिरातींपासून गावच्या दलालापर्यंत साखळी निघाली. जुलैत पंतप्रधानांनी मॉस्कोभेटीत हा विषय काढला, आणि कलबुर्गीचे तिघे सप्टेंबरमध्ये हैदराबादला उतरले. सगळेच एवढे सुदैवी नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलेले आकडे असे: रशियन सैन्यात गेलेले १२६ भारतीय, परतलेले ९६, मेलेले १२, बेपत्ता १६.

तेव्हा अनेकांनी विचारलं, विमानतळावर यांना कुणी अडवलं कसं नाही? उत्तर यादीत आहे. त्या १८ देशांत रशिया नाही. म्हणजे प्रोटेक्टरकडे त्यांचा कागदच जायचा नव्हता. पासपोर्ट खरा, व्हिसा खरा, नावावर हरकत नाही; काऊंटरवरच्या माणसाला थांबवायला कायदेशीर कारण उरत नाही. यादी बनली ती आखातातल्या मजुरांची फसवणूक डोळ्यासमोर ठेवून. दलाल तिच्या बाहेरचे देश शोधतात.

आखातातही कागद पुरे असले म्हणजे सगळं निभावलं असं होत नाही. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. मेलेल्या भारतीयांपैकी ४५ जणांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने दोन दिवसांनी कोचीला आले. त्यांत आळंद तालुक्यातला एक कामगार होता. अशा वेळी मृतदेह आणणं, भरपाईचा पाठपुरावा करणं ही दूतावासाची कामं, इमिग्रेशनची नव्हेत. कफीलाने, म्हणजे तिथल्या मालकाने, पगार दाबला, पासपोर्ट काढून घेतला, तर तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर करायची. १८००-११-३०९० हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा क्रमांक घरच्यांनी तरी लिहून ठेवावा.

येणाऱ्यांची बाजू या जिल्ह्यांत कमी दिसते, पण ती आहे. बिदरच्या नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात कॅनडा-इंग्लंडचे पासपोर्ट असलेले शीख येतात, कलबुर्गीला ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसाला परदेशी भाविक येतात. मुक्काम हॉटेलात असो, यात्री निवासात असो की कुणाच्या घरी, परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. याला लोक ‘सी फॉर्म’ म्हणत आले. जिल्ह्यात परदेशी नागरिकांचा नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षकच. १८० दिवसांहून जास्त राहणाऱ्याने आल्यापासून १४ दिवसांत नोंद करायची असते. हा नियम धाक दाखवण्यासाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात पाहुणा आजारी पडला, हरवला, पासपोर्ट चोरीला गेला, तर हीच नोंद दूतावासापर्यंत पोचायला उपयोगी पडते.

कोण परदेशी हा प्रश्न इथे नवा नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थान भारतात आल्यावर निजामाच्या चाकरीतल्या अरबांना, पठाणांना परत धाडायचं ठरलं. पण त्यांतल्या कित्येकांचा जन्म दख्खनचा, बायका-मुलं इथली. कागदावर परदेशी ठरवणं आणि माणसाला कुठेतरी नेऊन सोडणं, या दोन गोष्टींतलं अंतर सरकारला तेव्हाच कळलं. आजही परत पाठवायचं तर समोरच्या देशाने ‘हा आमचा’ म्हणायला लागतं. त्या पडताळणीशिवाय घाई केली की काय होतं ते जून २०२५ मध्ये दिसलं: मुंबई परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे बांगलादेशात ढकलले गेले, आणि ते भारतीयच निघाल्यावर त्यांना परत आणावं लागलं.

येणाऱ्यांसाठीचे चार जुने कायदे २०२५ मध्ये एका कायद्यात आले. बनावट पासपोर्ट वापरणाऱ्याला आता दोन ते सात वर्षं कैद आणि एक ते दहा लाखांचा दंड. जाणाऱ्यांसाठीचा कायदा मात्र अजून १९८३ चाच आहे. परवाना नसताना माणसं परदेशी पाठवणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो बदलण्यासाठी २०१९ ला मसुदा निघाला, २०२१ ला निघाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘ओव्हरसीज मोबिलिटी’ नावाने आणखी एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला गेला. तोवर एजंट खरा की बोगस हे पाहायचं तर ई-मायग्रेटवर परवानाधारकांची यादी आहे आणि बिगरपरवाना एजंटांचीही आहे. मोबाईलवर दोन्ही उघडतात, आणि पैसे मोजण्याआधी शोधायचं ते एजंटाने कार्डावर छापलेल्या संस्थेच्या नावाने, त्याच्या टोपणनावाने नव्हे.