मोबाईलची वायर : एक दुर्लक्षित धोका



आपल्या या पत्रिकेत लागणीविषयी, खोडव्याविषयी, ठिबकविषयी, हुमणीविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. विद्युत विभागातल्या माणसाला येथे लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि आला तर तो बहुधा शेतीपंपाच्या कपॅसिटरविषयी. या वेळचा विषय अगदी लहान आहे. मोबाईल चार्ज करावयाची वायर. "एवढ्याशा वायरीवर काय लिहिणार राव तुम्ही?" असे शेतकी विभागातील एका मित्राने विचारले सुद्धा. त्याला जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहितो.

गेल्या हंगामात जानेवारीतल्या एका पहाटे ऊसतोड कामगारांच्या तळावरून मला बोलावणे आले. जाऊन पाहतो तो एका कोपीपुढे दहा-बारा माणसे गोळा झालेली, आणि मधोमध भिजवलेली वाकळ. वाकळेला हातभर भोक पडलेले, कडा काळ्या. फोन चार्जिंगला लावून उशाखाली ठेवला होता. वायरीचे टोक वितळून फोनला चिकटले होते. त्याच वाकळेवर चार वर्षांची मुलगी झोपलेली होती. "वास आला म्हणून उठले बघा दादा," तिची आई सांगत होती. "आधी वाटलं कुणाची चूल राहिली. मग पोरीच्या उशाला धूर दिसला." पाण्याची घागर जवळ होती म्हणून निभावले. कोपी बांबूची आणि पाचटाची, आणि एका कोपीला लागून दुसरी कोपी. वाळलेले पाचट कसे पेटते हे ऊस उत्पादकांना मी सांगावे असे नाही.

मुलीच्या वडिलांना विचारले, वायर कोठून घेतली? "बाजारातून. तीस रुपयाला. पंधरा दिवस बी नाही झाले." मुकादमाचा प्रश्न मात्र निराळा होता आणि तो मला जास्त शहाणपणाचा वाटला. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही तळावर बोर्ड दिला, त्याला फ्यूज दिला. मग फ्यूज का उडाला नाही?"

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यावयास हवे. फ्यूज किंवा एम.सी.बी. हा २३० व्होल्टच्या बाजूला असतो आणि पाच-सहा अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह गेला तरच तो तुटतो. मोबाईलचा साधा चार्जर तिकडून ओढतो फार तर दहा-पंधरा वॅट, म्हणजे एका अँपिअरचा लहानसा अंश. वायरीच्या टोकाशी प्लास्टिक वितळत असले तरी बोर्डावरच्या फ्यूजला त्याची गंधवार्ता नसते. घरात ई.एल.सी.बी. बसवला म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. त्या बाजूचा बिघाड थांबविण्याचे काम चार्जरने स्वतः करावयाचे असते. चांगला चार्जर पुढे शॉर्ट झाला की हात आखडता घेतो. हलका चार्जर तसाच देत राहतो.

ती वायर मी खात्यात आणली आणि ब्लेडने उभी चिरली. वरून ती चांगली करंगळीएवढी जाड, वर कापडी वीण, हातात घेतली तर मजबूत वाटावी अशी. आत चार तारा निघाल्या, आणि चारही सारख्याच, केसासारख्या. जाडी सगळी रबराची होती. तार ब्लेडने खरवडली तर तांबडा रंग निघून गेला आणि आत पांढरे दिसू लागले. म्हणजे ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. आपल्याकडे मोटारीच्या वायरीत असा प्रकार कोणी खपवला तर शेतकरी त्या दुकानदाराला गावात उभा करणार नाही. येथे मात्र आत काय आहे ते पाहतो कोण?

विहिरीवरच्या मोटारीचेच उदाहरण घेऊ. विहीर लांब, वायर बारीक, तर मोटारीपर्यंत दाब पोहोचत नाही, मोटार गुरगुरते, वायर तापते आणि एक दिवस मोटार जळते. हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. मोबाईलच्या वायरीत हाच नियम लहान प्रमाणावर चालतो. चार्जरमधून पाच व्होल्ट निघतात. वायर एक मीटर लांब आणि तांब्याची तार ०.३२ मिलिमीटर जाडीची असेल, तर जाण्या-येण्याच्या दोन तारा मिळून सुमारे ०.४३ ओहम रोध होतो. दोन अँपिअर प्रवाह असेल तर पाचपैकी जवळजवळ ०.८५ व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात आणि १.७ वॅट उष्णता तयार होते. तार ०.५१ मिलिमीटरची घेतली तर ही नुकसानी ०.३४ व्होल्टवर येते. आणि तांब्याऐवजी ॲल्युमिनियम असेल तर रोध दीडपटीहून अधिक. "आमचा फोन रात्रभर लावला तरी भरत नाही, बॅटरी खराब दिसते," अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आता पहिल्यांदा वायर बदलावयास सांगतो. बऱ्याच वेळा बॅटरीचा काही दोष नसतो.

आता कोणी म्हणेल, पावणेदोन वॅटने आग कशी लागेल? बरोबर आहे. ती उष्णता मीटरभर वायरीत पसरली तर वायर हाताला कोमट लागेल, एवढेच. आग लागते ती उष्णता एका जागी गोळा झाली म्हणजे. वायर पिनेच्या मुळाशी रोज वाकते. तेथे आधी दोन तारा तुटतात, मग चार, आणि सगळा प्रवाह उरलेल्या एक-दोन तारांतून जाऊ लागतो. किंवा पिन ढिली असते, किंवा पिनेत घाम, धूळ, बगॅसची भुकटी गेलेली असते. मग तेवढीच उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत साठते. त्यावर उशी, वाकळ, गोधडी असली म्हणजे ती बाहेर जाण्यास वाट नाही. तळावर त्या रात्री झाले ते असेच असावे, असे माझे अनुमान आहे. वितळलेला भाग नेमका पिनेच्या मुळाशी होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "वायरीतून शॉक बसला" असे आपण म्हणतो, पण पाच व्होल्टचा शॉक माणसाला बसत नाही. जलद चार्जरचा दाब जास्त, वीस व्होल्टपर्यंत असतो, तरीही तो माणूस मारण्याइतका नव्हे. शॉक येतो तो चार्जरमधून. भिंतीतले २३० व्होल्ट आणि वायरीतले पाच व्होल्ट यांच्यामध्ये चार्जरच्या पोटात एक लहानसा ट्रान्स्फॉर्मर असतो. त्याच्या दोन बाजू एकमेकींपासून काही मिलिमीटर दूर ठेवावयाच्या, मध्ये दुहेरी इन्सुलेशन द्यावयाचे, हा नियम. अमेरिकेतील अभियंते केन शिरिफ यांनी २०१२ साली असे चार्जर उघडून आतली रचना लिहून ठेवली आहे. नकली चार्जरमध्ये हे अंतर एक मिलिमीटरही भरले नाही. पावसाळ्याची ओल आत शिरली की मधला बांध फुटतो, आणि मग भिंतीतली वीज वायरीच्या टोकापर्यंत, फोनच्या धातूच्या कडेपर्यंत येते. ओल्या हाताने, अनवाणी पायाने फोन धरलेल्या माणसाचे काय होईल ते सांगावयास नको. २०१६ साली यू.एल. या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाचे ४०० नकली चार्जर तपासले. त्यांतील ३९७ नापास झाले, आणि बारा तर असे होते की त्यांच्या विजेने प्राण जाण्याचा धोका होता.

म्हणून वायर आणि चार्जर ही बैलजोडी समजावी. एक चांगला आणि एक मरतुकडा असून गाडी चालत नाही.

नव्या सी टाईप पिनेच्या वायरींत आणखी एक भानगड आहे. या वायरीतून पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त वीज नेता येते. साधी सी टाईप वायर तीन अँपिअरची. पाच अँपिअर न्यावयाचे तर वायरीच्या टोकात एक चिप असावी लागते, जी "मी एवढा भार सोसू शकते" असे चार्जरला कळविते. जुन्या चौकोनी पिनेपासून सी टाईपकडे जाणाऱ्या वायरीत ५६ हजार ओहमचा एक रोधक बसवावा, असाही नियम आहे. त्यावरून फोनला समजते की मागचा चार्जर जुना आहे, जास्त ओढू नये. पैसे वाचविण्यासाठी किंवा अज्ञानाने काही कारखानदार तेथे दहा हजार ओहमचा बसवितात. मग फोन तीन अँपिअर मागतो आणि मागच्या बिचाऱ्या चार्जरची ताकद असते एका अँपिअरची.

गूगल कंपनीतील बेन्सन लेउंग नावाचे अभियंते २०१५ च्या नोव्हेंबरपासून अशा वायरी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन तपासत होते आणि निकाल जाहीर करीत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये एक वायर त्यांनी लावताच त्यांचा लॅपटॉपच निकामी झाला. उघडून पाहिले तर वायरीत धन आणि ऋण उलटे जोडलेले. ट्रॅक्टरच्या बॅटरीला उलटी टोके लावल्यासारखेच झाले. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांत ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या सी टाईप वायरी विकण्यास आपल्या दुकानावर बंदी घातली. सांगण्याचा हेतू असा की, जाणत्या माणसालाही वरून पाहून कळले नाही, तेथे आपली काय कथा!

मग ओळखावे कसे? मोटारीच्या वायरीवर आपण आय.एस.आय. पाहतो, तशी सोय चार्जरच्या बाबतीत आहे. सक्तीच्या नोंदणीची योजना केंद्र सरकारने २०१२ च्या आदेशाने सुरू केली आणि पुढे मोबाईल, त्याचे अडॅप्टर आणि पॉवर बँक तिच्यात आले. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' या इंग्रजी अक्षरापुढे आठ आकडी नंबर असतो. छापणारा काय, काहीही छापील. म्हणून बी.आय.एस. केअर नावाचे ॲप फोनमध्ये घ्यावे आणि तो नंबर त्यात टाकून पाहावा. कोणत्या उत्पादकाचा, कोणत्या वस्तूचा, चालू आहे की रद्द झाला, ते लगेच दिसते. घरात शिकणारी मुले आहेत, त्यांना सांगितले तर दोन मिनिटांचे काम. वायरीच्या बाबतीत सोपा मार्ग म्हणजे फोनबरोबर आलेली वायर जपून वापरणे, आणि ती गेल्यावर त्याच कंपनीची किंवा नावाजलेल्या कंपनीची पावतीसह घेणे. तीनशे रुपये जड वाटतात खरे. परंतु तीस रुपयांच्या वर्षाला आठ वायरी घेणारी माणसे मी पाहिली आहेत.

वापरात असलेल्या वायरीची परीक्षा हातानेच करावी. अर्धा तास लावल्यानंतर पिनेजवळ बोट ठेवावे. कोमट असेल तर चालेल. बोट ठेववत नसेल तर ती वायर त्याच दिवशी कापून टाकावी. नुसती फेकू नये, कारण कोणीतरी उचलून पुन्हा लावतोच. पिन हलवली की चार्जिंग बंद-चालू होते, अशी वायर चिकटपट्टी गुंडाळून चालविण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या पट्टीखालीच तुटलेल्या तारा तापत असतात. फोनची पाठ फुगलेली दिसली तर तो फोन चार्जिंगला लावूच नये. फुगलेली बॅटरी दाबून, टोचून पाहणारे महाभागही आहेत. लिथियमची बॅटरी एकदा आतून पेटली की आपल्या आपणच तापत जाते.

कारखान्यातील कामगार बंधूंसाठी थोडे वेगळे. बगॅस यार्डात आणि बेल्टच्या बाजूला फोन चार्जिंगला लावण्यास मनाई आहे, ती उगाच नव्हे. तेथली भुकटी पिनेत बसते आणि भुकटी म्हणजे सरपणच. डिस्टिलरीच्या हद्दीत तर फोन नेऊच नये, चार्जिंगची गोष्ट दूर. ट्रॅक्टर-ट्रकवाले बंधू बारा व्होल्टच्या सॉकेटात मिळेल तो चार्जर खुपसतात आणि नंबर लागेपर्यंत केबिनमध्ये झोपतात. नंबर लागला की उठवायला माणूस येतो, पण तो धूर पाहून आलेला नसतो.

तळाविषयी सांगावयाचे राहिले. "उशाशी फोन ठेवू नका" असे मी त्या बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "दादा, मोठी दोन लेकरं गावाकडं आजीपाशी हायती. रात्री फोन आला तर कळाया नको का? आन बाहेर ठिवला तर सकाळी सापडंल का?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिवाय तळावर आम्ही दिलेला बोर्ड कोपीच्या दाराशी लोंबकळत होता, चार्जर ठेवण्यास फळी नव्हती, ही चूक आमच्या खात्याची होती आणि ती मान्य केली पाहिजे.

त्या आठवड्यात आम्ही तळावर कोप्यांपासून दहा पावलांवर पत्र्याच्या छपराखाली सिमेंटचा कट्टा करून त्यावर कुलपाचे खण असलेली लोखंडी पेटी बसविली. प्रत्येक खणात एक सॉकेट, आणि वायर व चार्जर खात्याने तपासून दिलेले. फोनची घंटा कोपीत ऐकू जाते, हे रात्री स्वतः उभे राहून पाहिले. येत्या हंगामात बाकीच्या तळांवरही अशा पेट्या बसविण्याची मागणी खात्याने कार्यालयाकडे केली आहे. सभासदांनी आपापल्या मळ्यातल्या, वस्तीवरच्या वायरी पाहावयाच्या असतील तर उसाच्या बिलासाठी गट कार्यालयात याल तेव्हा बरोबर आणाव्यात. आमचा वायरमन मीटर घेऊन तेथे बसतो. पैसे पडत नाहीत. वायर वाईट निघाली तर तो तुमच्यासमोरच कापील, त्याचा राग मानू नये.