एका मिलिसेकंदाची साक्ष

कचेरीतले सामायिक दप्तर घरबसल्या उघडत नाही, ही तक्रार बहुधा ‘यांना संगणक येत नाही’ एवढ्या शेऱ्यानिशी निकालात निघते. पुण्यातील एका हिशेबतपासनिसांच्या पेढीत मदतकक्ष सांभाळणारी मुलगी मात्र असा शेरा न मारता तासन्‌तास फोनवर बसते, हे ऐकून तिचे काम पाहावयास मी गेलो.

त्या दुपारी रत्नागिरीहून काम करणारे एक वयस्क लेखापाल अडले होते. व्हीपीएन जोडलेले, पासवर्ड बिनचूक, फोल्डरवरचा अधिकार शाबूत. एवढे तिने झटपट तपासले.

“काका, आपल्या सर्व्हरला, म्हणजे १९२.१६८.१.२० ला पिंग करा. उत्तर किती वेळात येतं?”

“एक मिलिसेकंद. म्हणजे लाइन झकास आहे की!”

“एकच?” तिने पेन खाली ठेवले.

एक मिलिसेकंद! तेवढ्या अवधीत काचतंतूतून प्रकाश सुमारे २०० किलोमीटर जातो. रत्नागिरी ते पुणे हे अंतर सरळ रेषेतही पावणेदोनशेच्या घरात असता जाऊन-येऊन एका मिलिसेकंदात उत्तर मिळणे सृष्टिनियमांनाच मंजूर नाही, सबब उत्तर देणारा पुण्याचा सर्व्हर नसून काकांच्या घरातलाच कोणी तोतया असला पाहिजे, हे तिने ताडले.

तो निघाला प्रिंटर. खासगी जाळ्यांसाठी १९९४ साली राखून ठेवलेले १९२.१६८ चे पत्ते कोणीही विनापरवाना वापरावेत. पेढीने आणि काकांच्या राउटरने त्यांतला नेमका एकच पट्टा उचलल्यामुळे पुण्याला निघालेली विनंती उंबरठा न ओलांडताच प्रिंटरपाशी थबके. गावांच्या नावांचीही हीच गत: महाराष्ट्रात पिंपळगावे उदंड, म्हणून टपालखात्याला १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडाची तजवीज करावी लागली, आणि ती योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. या खासगी पत्त्यांना कोणी वेलणकर भेटले नाहीत.

माझ्या मते कसूर काकांची नव्हेच. राउटर खोक्यातून निघाला तसाच पेढीत जोडणाऱ्याची आहे. पेढीचा पट्टा बदलण्याचा प्रस्ताव या मुलीने केव्हाच वर पाठवला, तो कोणाच्या तरी मेजावर पडून आहे; तोवर एकेका कर्मचाऱ्याचे घरच बदलत बसणे तिच्या नशिबी.

तिने काकांकडून राउटरच्या पत्त्यातील तिसरा आकडा ७७ करवून घेतला. फोल्डर उघडले.

“अगं, पण आता प्रिंटर बंद पडला!”

“पडणारच काका, त्याला जुनाच पत्ता बांधून दिलेला आहे. त्याच्यावरचं मेनूचं बटण दाबा बघू.”