हातचा म्हणजे दहाची मोड : पहिली ते तिसरीचा अभ्यास आणि आपण



गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते झाले, सह्या-अंगठे झाले, की बोलणं मुलांच्या शाळेवर येतंच. त्यात एक तक्रार हमखास असते. "शाळेत काही शिकवतच नाहीत. पोरगं नुसतं काड्या मोजतंय, मण्यांची माळ सरकवतंय, खोट्या नोटा घेऊन दुकान-दुकान खेळतंय. आमच्या वेळी शंभरापर्यंत घडाघडा म्हणून घ्यायचे." आणि लगेच दुसरं वाक्य, "मी तरी काय शिकवणार? मी चौथीच शिकले."

पहिली ते तिसरीत मुलांकडून नेमकं काय अपेक्षित आहे, ते आधी बघू. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' नावाचा कार्यक्रम सुरू केला, तो आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही चालू आहे. त्यात सरळ लिहिलंय. पहिली संपताना मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं छोटं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. दुसरीत ९९९ पर्यंतच्या संख्या, ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी, आणि मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं. तिसरीत ९९९९ पर्यंतच्या संख्या, सोपा गुणाकार, आणि मिनिटाला निदान ६० शब्द. बस, एवढंच. पण हे एवढं पक्कं झालं नाही तर चौथीपासून पोर वर्गात नुसतं बसून राहतं, कारण तिथून पुढं भूगोल असो की विज्ञान, सगळं वाचूनच शिकायचं असतं. शिवाय "आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत" हे आता खरं नाही. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा एक संधी मिळते, त्यातही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं.

आता त्या काड्या. दहा काड्या झाल्या की रबर लावून त्यांचा एक गठ्ठा करायचा. गठ्ठा म्हणजे दशक, सुट्ट्या काड्या म्हणजे एकक. तीन गठ्ठे आणि सहा सुट्ट्या म्हणजे छत्तीस. मूल हे हाताने करतं तेव्हा त्याला कळतं की ३६ मधला ३ म्हणजे तीन नव्हे, तीस. घडाघडा शंभरापर्यंत म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना हे ठाऊक नसतं. ते अंकांचं गाणं म्हणत असतात.

आपल्या मराठीत तर ही अडचण जास्तच. आपण 'छत्तीस' म्हणतो तेव्हा कानावर आधी सहा येतात, मग तीस. लिहिताना मात्र आधी ३ आणि मग ६. म्हणून मूल छत्तीस सांगितलं की ६३ लिहितं आणि त्रेपन्न सांगितलं की ३५. 'एकोणसाठ'मध्ये तर साठ ऐकू येतात, पण लिहायचे ५९. पोर ६९ लिहून मोकळं होतं. यात त्याचा आळशीपणा नाही की मंदपणा नाही, आकड्यांची नावंच तशी आहेत. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' असंही म्हणायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं का? विधिमंडळापर्यंत थट्टा गेली. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, की मुलांना जोडाक्षरांची अवघड नावं अडवतात, गणित अडवत नाही. कन्नड आणि तेलुगूत आधीपासून 'वीस-एक' असंच म्हणतात. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती, नवीन पद्धत सोबत दिली होती. मला विचाराल तर ती थट्टा करण्यासारखी गोष्ट नव्हती. घरी मूल अडलं तर आपणही बिनधास्त म्हणावं, "त्रेपन्न म्हणजे पन्नास आणि तीन. पन्नासचा पाच आधी लिही." त्याने बाजारातलं त्रेपन्न बिघडत नाही.

वजाबाकीत सगळ्यात जास्त मुलं अडतात ती 'हातच्या'वर. आपल्यालाही शाळेत हातचा शिकवला होता, पण तो येतो कुठून हे फारसं कुणी सांगितलं नव्हतं. तर तो येतो दहाच्या नोटेतून. तुमच्याकडे ५२ रुपये आहेत असं समजा, दहाच्या पाच नोटा आणि दोन नाणी. किराणावाल्याला २७ द्यायचेत. सात रुपये सुटे द्यायचे तर नाणी दोनच. मग आपण काय करतो? दहाची एक नोट मोडतो. आता नोटा राहिल्या चार आणि नाणी झाली बारा. बारातून सात दिले, पाच उरले. चार नोटांतून दोन दिल्या, दोन उरल्या. म्हणजे २५ रुपये. वहीत मूल ५ खोडून वर ४ लिहितं आणि २ चे १२ करतं, तेव्हा ते हेच करत असतं, नोट मोडत असतं. जी बाई रोज दुकानात, बाजारात हे करते तिला हातचा येत नाही असं कसं म्हणायचं?

मुलाला हे समजलं नसेल तर ते ५२ मधून २७ वजा करताना मोठ्यातून लहान काढतं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, उत्तर ३५. अशी चूक वहीत दिसली तर पुन्हा दहा उदाहरणं घालून देऊ नका. घरातल्या खऱ्या नोटा आणि नाणी समोर ठेवा, २७ रुपये मागा. दोन-तीन दिवस हेच करा. नोटा नसतील तर वाती चालतील, तुरीच्या काड्या चालतील. कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या बायांच्या घरी तर शाळेत आहे तेच साहित्य दारात पडलेलं असतं.

बेरजेतही असंच. ३८ आणि २५ ची बेरीज मुलाने ५१३ लिहिली असेल तर हसू नका. आठ आणि पाच तेरा, तीन आणि दोन पाच, दोन्ही बरोबर आहेत. फक्त तेरातले दहा नोटेत बदलायचे राहिलेत. त्याला एवढंच विचारा, "बाळा, अडतीस आणि पंचवीस रुपये मिळून पाचशे तेरा होतील का?" मूल स्वतः चमकतं. आपण बाजारात जो अंदाज लावतो, इतके-इतके होतील म्हणून, तो अंदाज मुलाच्या हाती देणं ही आईची मोठी मदत आहे. पुस्तकात तो शिकायला वेळ लागतो.

एकशे पाच लिहिताना मूल १००५ लिहितं, तेही नोटांनीच सुटतं. शंभराची एक नोट, दहाची एकही नाही, नाणी पाच. 'एकही नाही' याची जागा शून्याने धरून ठेवायची. गटाच्या बचत वहीत १०५ सारखे आकडे असतात. तिसरीतल्या मुलीला वहीतली आपली नोंद वाचायला सांगा, या महिन्याचे आणि मागच्या महिन्याचे मिळून किती ते विचारा. तिला सराव होतो आणि आपल्या नोंदीवरही चार डोळे फिरतात, ते काही वाईट नाही.

पाढे पाठ असावेतच. पण 'चार त्रिक बारा' म्हणजे चार ताटांत तीन-तीन भाकरी, हे एकदा डोळ्यासमोर आलं पाहिजे. स्वयंपाकघरात दोन मिनिटांचं काम आहे.

आता वाचन. इथे आपली फसगत होते ती पाठांतराने. मूल पुस्तक उघडतं, बोट फिरवतं आणि धडा खणखणीत म्हणतं. आपल्याला वाटतं वाचता येतंय. खात्री करायची असेल तर दोन गोष्टी करा, त्याला तुम्हाला स्वतःला वाचता येण्याची गरज नाही. एक, पानावरचं चित्र हाताने झाका आणि खालच्या ओळीतल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हे काय?" विचारा. पाठ केलेलं मूल वरून म्हणायला सुरुवात करतं, वाचणारं मूल तो शब्द सांगतं. दोन, पुस्तकाबाहेरचं काही द्या. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, ग्रामपंचायतीची नोटीस, हे आपलं वार्तापत्र. वाचून झालं की "काय लिहिलंय त्यात?" एवढं विचारा. भरभर वाचलं पण सांगता येत नाही, तर ते वाचन अजून अर्धंच आहे.

घरात अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी, कोरकू, भिलोरी, गोरमाटी बोलणाऱ्या आयांना कुणीतरी सांगतं की घरी 'शुद्ध' बोला म्हणजे मुलं हुशार होतील. तसं काही करू नका. ज्या भाषेत तुमच्याकडे गोष्टी आहेत, त्याच भाषेत सांगा. गोष्ट अर्ध्यावर थांबवून "पुढं काय झालं असेल?" विचारा. घरच्या भाषेत ज्याला गोष्ट जुळवता येते, त्याला पुस्तकातलीही समजते.

शिकवणीबद्दल थोडं स्पष्ट बोलते. दुसरी-तिसरीच्या मुलाच्या शिकवणीसाठी गटातून अंतर्गत कर्ज काढणाऱ्या ताया आहेत. कर्ज घेणं तुमचा हक्क आहे. पण त्याआधी मुलाची वही घेऊन एकदा गुरुजींना किंवा बाईंना भेटा. शिकवणीत बहुतेक वेळा तोच गृहपाठ उरकून घेतात, आणि दशक-एकक कच्चं असेल तर ते कच्चंच राहतं. तेवढ्या व्याजात पाटी-खडू, शंभर मण्यांची माळ आणि गोष्टीची चार पुस्तकं येतात.

भेटल्यावर "आमचं पोर कसं आहे?" असं विचारलं की "बरं आहे, लक्ष द्या" हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा, "न पाहिलेलं वाक्य वाचतं का? हातच्याची वजाबाकी जमते का? नसेल तर कुठं अडतंय?" ६३ ला ३६ लिहिलेलं पान, ३५ उत्तर आलेली वजाबाकी, दाखवा. चुकीच्या उत्तरावरून शिक्षकाला बरंच कळतं.

आणि एक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निदान ७५ टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. गावोगावी आपल्याच गटातल्या ताया त्यावर आहेत, काहींचं तर नाव आहे पण बैठकीचा निरोपच येत नाही. भर दुपारी बैठक ठेवली तर निंदणी-खुरपणीची मजुरी बुडते, म्हणून बायका जात नाहीत. पुढच्या ग्रामसंघ बैठकीत हा विषय घ्या. कोणती वेळ सोयीची, बाजाराचा दिवस की संध्याकाळी पाचनंतर, ते ठरवून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. समितीच्या बैठकीत भिंतीच्या रंगाबरोबर हेही विचारा, की तिसरीतली किती मुलं समजून वाचतात.